८ केबी रॅममध्ये नऊ महिने: मायक्रोपायथन, सी, फ्रीआरटीओएस आणि रस्ट

गेले नऊ महिने मी एका छोट्या मोटर कंट्रोलरच्या फर्मवेअरवर काम करतो आहे. चिप कॉर्टेक्स-एम०प्लस (एआरएमचा लहान प्रोसेसर कोअर), वेग ६४ मेगाहर्ट्झ, फ्लॅश ६४ केबी आणि रॅम फक्त ८ केबी. दर १०० मायक्रोसेकंदांनी करंट मोजायचा, हिशेब करायचा आणि पीडब्ल्यूएमचा (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटर चालवणाऱ्या सिग्नलचा) नवा आकडा लिहायचा. म्हणजे एका फेरीला ६,४०० सायकल, आणि बाकीची सगळी कामं त्यातून उरेल तेवढ्यात. सुरुवातीला मी साधन निवडताना भाषा किती सोयीची आहे एवढंच पाहायचो. आता पहिला प्रश्न असतो: कोड चिपवर चढवण्याआधी हे साधन मला रॅमचा हिशेब कितपत देतं?

मायक्रोपायथनबद्दल, म्हणजे चिपवर चालणाऱ्या छोट्या पायथनबद्दल, थोडक्यात सांगतो. त्याला साधारण २५६ केबी फ्लॅश आणि १६ केबी रॅम लागते, त्यामुळे या चिपवर ते बसणारच नव्हतं. मी ते एका मोठ्या बोर्डवर फक्त सेन्सर ओळखून घ्यायला वापरलं. ओळ टाइप केली की लगेच उत्तर मिळतं, आणि या कामासाठी मी आजही तेच घेतो. कंट्रोल लूपसाठी मात्र नाही. गार्बेज कलेक्टर (न वापरलेली मेमरी परत गोळा करणारा भाग) मधेच धावू शकतो, हार्ड इंटरप्टच्या (चालू काम मधेच थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेच्या) हँडलरमध्ये नवी मेमरी मागता येत नाही, आणि तिथे साध्या दशांश आकड्यालाही हीप, म्हणजे चालताना मागून घ्यायची मेमरी, लागतो.

सगळ्यात जास्त काळ गेला तो सी आणि त्याचा कंपाइलर जीसीसी यांच्यासोबत. आकार कमी ठेवणारं ऑप्टिमायझेशन, न वापरलेली फंक्शनं लिंकरकडून गाळून घेणं आणि न्यूलिब-नॅनो (सीची आटोपशीर लायब्ररी), एवढं पहिल्याच दिवशी करून टाका. प्रिंटएफमध्ये दशांशाची सोय मी एकदा चालू केली आणि फ्लॅशचा वापर दहा केबीहून जास्त वाढला. एम०प्लसमध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही, भागाकाराची इन्स्ट्रक्शनसुद्धा नाही. ते सगळं लायब्ररीतली फंक्शनं करतात. म्हणून हिशेब क्यू१५ फिक्स्ड पॉइंटवर (अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात ठेवण्याच्या पद्धतीवर) आणला आणि करंट मिलिअँपिअरमध्ये, पूर्णांकातच छापायला लागलो.

तिसऱ्या महिन्यात एक दोष आला, ज्याने माझी निवडीची सगळी पद्धत बदलली. काही तास नीट चालून मोटर अचानक थांबायची, आणि करंटची कमाल मर्यादा ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये भलताच आकडा सापडायचा. त्या व्हेरिएबलला कोडमध्ये कुणी हात लावत नव्हतं. दोन आठवडे मी चुकलेला पॉइंटर शोधत होतो. दोष निघाला स्टॅकमध्ये, म्हणजे चालू फंक्शनं आपली तात्पुरती माहिती ठेवतात त्या रॅममध्ये. नेहमीच्या मांडणीत स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली वाढतो, आणि खाली स्टॅटिक व्हेरिएबलं बसलेली असतात. माझं लॉग छापणारं फंक्शन बरंच खोल गेलेलं असताना इंटरप्ट आला, की स्टॅक त्या व्हेरिएबलांवर चढायचा. ना इशारा, ना फॉल्ट.

त्यानंतर दोन सवयी लागल्या. स्टॅकची जागा सुरुवातीलाच ए५ या बाइटने भरून ठेवायची आणि दिवसभर चालवून किती पुसलं गेलं ते पाहायचं. दुसरी, जीसीसीचा स्टॅक-यूसेज पर्याय कायम चालू ठेवायचा. तो प्रत्येक फंक्शनला किती बाइट लागतात ते फाइलमध्ये लिहून देतो. फंक्शन पॉइंटर आणि रिकर्शनचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. प्रत्येक इंटरप्टला हार्डवेअर स्वतः आठ रजिस्टर, म्हणजे ३२ बाइट, स्टॅकवर ठेवतं, तेही धरायचे.

फ्रीआरटीओएस (अनेक टास्क आळीपाळीने चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) चांगलं आहे, त्याचा कोड वाचतासुद्धा येतो. पण प्रत्येक टास्कला वेगळा स्टॅक लागतो, आणि या चिपवर त्याचा आकार बाइटमध्ये नाही, चार बाइटांच्या वर्डमध्ये द्यायचा असतो. माझे चार टास्क, प्रत्येकी २५६ वर्ड, म्हणजे ४ केबी: निम्मी रॅम तिथेच गेली. स्टॅटिक अ‍ॅलोकेशन वापरलं तर हे निदान मॅप फाइलमध्ये (लिंकरने दिलेल्या मेमरीच्या यादीत) दिसतं. रॅम २० केबीच्या पुढे असेल तर मी ते निःशंकपणे घेईन. इथे काढून टाकलं आणि मुख्य लूप अधिक इंटरप्ट यावर आलो.

वेळेचं सांगायचं तर सरासरीवर विश्वास ठेवू नका. त्याच मालिकेतल्या एम३ आणि एम४ मध्ये सहसा मिळणारा सायकल काउंटर एम०प्लसमध्ये नाही. मी हँडलरमध्ये शिरताना एक पिन वर आणि निघताना खाली करतो, आणि ऑसिलोस्कोप पर्सिस्टन्सवर (जुन्या रेषा पडद्यावर तशाच ठेवणाऱ्या मोडवर) टाकून तासभर सोडून देतो. नेहमी ३८ मायक्रोसेकंदांत संपणारी फेरी क्वचित ७१ पर्यंत जात होती. इंटरप्टमध्ये शिरायला या कोअरला १५ सायकल लागतात, म्हणजे पाव मायक्रोसेकंदसुद्धा नाही. उशीर माझाच होता: लॉगच्या बफरसाठी इंटरप्ट बंद करून मी आत संपूर्ण मेसेज कॉपी करत होतो.

शेवटचे तीन महिने कंट्रोलचा भाग रस्टमध्ये पुन्हा लिहिला, आरटीआयसी (इंटरप्टवर टास्क चालवणारं रस्टचं फ्रेमवर्क) वापरून. पहिल्याच दिवशी कंपाइलरने एक काउंटर अडवला, कारण एम०प्लसमध्ये वाचून-बदलून-लिहिण्याची अटॉमिक, म्हणजे मधे तुटू न शकणारी, क्रिया नाही. तीच जागा सीमध्ये गुपचूप कंपाइल झाली होती आणि तिथे खरोखरच गणना चुकत होती. आरटीआयसीचे सगळे हार्डवेअर टास्क एकाच स्टॅकवर चालतात, म्हणून टास्कागणिक वेगळी रॅम जात नाही. डीफॉरमॅट (defmt) या लॉगच्या लायब्ररीमध्ये लॉगची वाक्यं चिपवर नसतात, संगणकावरच्या फाइलमध्ये राहतात. आणि फ्लिप-लिंक हे लिंकरचं साधन: ते स्टॅक खाली आणि स्टॅटिक व्हेरिएबलं वर ठेवतं, त्यामुळे स्टॅक ओसंडला की रॅमच्या तळाबाहेर जातो आणि जागच्या जागी हार्डफॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर चूक पकडून थांबवतो. ही कल्पना इतकी पटली, की जुन्या सी प्रकल्पाच्या लिंकर स्क्रिप्टमध्येही मी तशीच मांडणी हाताने करून घेतली.

त्रासही झाला. डीबग बिल्ड ६४ केबीत मावला नाही, त्यामुळे ऑप्टिमाइझ केलेल्या कोडवरच डीबगर चालवावा लागला आणि निम्मी व्हेरिएबलं त्यात दिसत नव्हती. पॅनिकचा (चूक सापडून रस्टचा प्रोग्राम थांबतो तेव्हाचा) मजकूर तयार करणारा कोड नकळत आत येतो आणि फ्लॅश खातो. मी पॅनिक झाल्यावर पीडब्ल्यूएम बंद करून थांबायचं एवढंच ठेवलं. चिपसोबतची जवळजवळ सगळी उदाहरणं सीमध्ये आहेत, ती रजिस्टरपासून समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चालू उत्पादनात सीच आहे आणि राहील, कारण त्याची चाचणी पूर्ण झाली आहे. पुढची आवृत्ती आरटीआयसीवर सुरू केली आहे. तिची स्टॅटिक रॅम सध्या ४,९०० बाइटांच्या आसपास आणि मोजलेला सर्वांत खोल स्टॅक १,१०० बाइट. उरलेल्या जागेला हात लावलेला नाही. मोडबसचा (इतर उपकरणांशी बोलण्याच्या प्रोटोकॉलचा) भाग अजून जोडायचा आहे.