घर बांधून आठ महिने: स्लॅबला पैकीच्या पैकी, बाथरूमच्या ढाळाला शून्य

नव्या घरात राहायला येऊन आठ महिने झाले. त्यातले साडेसहा महिने आम्ही घरातली चारही माणसं आंघोळ झाली की वायपर मारत होतो. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायचं. हा अनुभव ठेकेदाराबद्दल असला तरी लिहायला बसलो तो या पाण्यामुळेच.

चिपळूणजवळ गावठाणात ८६० चौरस फुटांचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब. २०२४ ची दिवाळी झाल्यावर काम धरलं आणि ३० एप्रिल २०२५ ला, अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत केली. मटेरियलसह चौरस फुटाला तीन दर आले होते: १६५०, १८५० आणि २००० रुपये. मी मधला घेतला. स्वस्तातला माणूस सिमेंट कुठलं, सळी किती एमएमची, हे कागदावर लिहून द्यायला तयार नव्हता, म्हणून तो बाद केला. मधल्याने बांधलेली तीन घरं जाऊन पाहिली, गच्चीवर चढलो, संडासाची छतं पाहिली, घरमालकांशी बोललो. तिघांनीही एकच सांगितलं, की माणूस बोलायला कडक आहे, पण काम सोडून पळत नाही.

पहिला वाद मापावरून झाला. मी धरून चाललो होतो की ८६० गुणिले १८५०, म्हणजे १५ लाख ९१ हजार. ठेकेदाराने स्लॅबचं माप धरलं. छज्जे आणि पुढची पडवी मिळून १२२ चौरस फूट जास्त भरले, म्हणजे सव्वादोन लाखांचा फरक. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार केला होता, पण त्यात 'बांधकामाचं क्षेत्रफळ' एवढंच लिहिलेलं. भिंतीच्या बाहेरून की स्लॅबच्या कडेपासून, हे कुठेच नव्हतं. आठ दिवस बोलणं बंद होतं. शेवटी छज्ज्याला निम्मा दर ठरला. तेव्हाच्या माझ्या मनःस्थितीत हे लिहिलं असतं, तर या माणसाकडे फिरकू नका एवढंच लिहिलं असतं.

पण पावसाळ्याने माझं मत बदललं. २०२५ चा पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला. आमचा बाहेरचा रंगही व्हायचा होता. आमच्याकडे स्लॅब गळणार हे गृहीत धरून लोक पहिल्याच वर्षी वर पत्र्याची शेड मारतात. मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं, लाखाच्या पुढचा खर्च. ठेकेदार म्हणाला, "काका, एक पावसाळा काढा, मग पत्र्याचं बघू." जून, जुलै, ऑगस्ट गेला. छताला हात लावून लावून पाहिलं. एक ओला डाग नाही.

त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. स्लॅबच्या दिवशी मिक्सरवरचा माणूस अंदाजाने पाण्याचे डबे ओतत होता. माल सैल असला की घमेली ओढायला आणि पसरायला सोपं जातं, म्हणून कामगार पाणी वाढवतात, पण तेवढ्याने काँक्रीट कमजोर होतं आणि पाणी वाळलं की आत बारीक छिद्रं राहतात. ठेकेदाराने मिक्सरमधला तो माल बाजूला काढायला लावला आणि स्वतः मिक्सरपाशी उभा राहिला. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या वर पाणी जाऊ दिलं नाही, रेतीतला ओलावा धरून. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर छोटे बांध घालून आळी केली आणि चौदा दिवस पाणी तुंबवून ठेवलं. पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान दहा दिवस ओल लागते. घाई मलाच होती, मी नवव्या दिवशी विचारलं तर सरळ नाही म्हणाला. नंतर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, तोही ढाळ देऊन. गच्चीवरचं पाणी पाऊस थांबला की लगेच पाइपाला लागतं.

गच्चीला ज्याने इतका चोख ढाळ दिला, त्याच्याच कामात सात बाय पाचच्या बाथरूमला ढाळ मिळू नये, हे मला आजही पटत नाही. सात फुटांत इंचभर तरी उतार हवा. मी नातवाची गोटी जाळीजवळ ठेवली, ती हळूहळू सरकत दाराशी आली आणि उंबऱ्याच्या ग्रॅनाइट पट्टीला लागून थांबली. त्या कोपऱ्यात कायम पाव इंच पाणी. आई ७६ वर्षांची आहे. जुलैत तिचा तिथे पाय सरकला. नळाला धरलं म्हणून वाचली, मनगट मात्र महिनाभर दुखत होतं. त्या दिवसापासून माझ्यासाठी हा प्रश्न वायपरचा राहिला नाही.

ठेकेदाराला फोन सुरू केले. आधी म्हणाला, सगळ्यांकडे थोडं पाणी राहतंच. मग म्हणाला, फरशी उखडली तर खालचं वॉटरप्रूफिंग जाईल. हे खरं होतं, पण ते परत करून देणं त्याचंच काम होतं. मी एकच गोष्ट नीट केली होती, ८० हजार रुपये पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे असं करारात घातलं होतं. ते मी दिले नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यावर तो स्वतः आला, लेव्हल पाइप (उंची तपासायची पाण्याची नळी) लावला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "ट्रॅप वर बसलाय, काका. चूक आमची."

झालं होतं असं: प्लंबरने नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी वाहून नेणारं भांडं, आपल्या अंदाजाने बसवला आणि गेला. फरशीवाला पंधरा दिवसांनी आला. ट्रॅप आधीच उंच, त्यामुळे त्याला उतार द्यायला जागाच उरली नव्हती. ट्रॅप खाली घ्यायला सांगण्याऐवजी त्याने फरशी जवळजवळ सपाट लावून टाकली, तीही किंचित दाराकडे उतरती. दोघांच्या मधल्या त्या पंधरा दिवसांत दोरी लावून कुणीही तपासलं नाही, ना ठेकेदाराने, ना मी.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. फरशी काढली, ट्रॅप दीड इंच खाली घेतला, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं आणि तीन दिवस पाणी भरून ठेवलं. मजुरी आणि सामान त्याचं. जुन्या रंगछटेची फरशी मिळाली नाही, मी एक बॉक्स जादा घेऊन ठेवायला हवा होता. आता जमिनीचा रंग किंचित वेगळा दिसतो, ते चालेल. गोटी कुठूनही सोडली तरी जाळीत जाते.

पुतण्या खेडला घर बांधतोय. त्याला याच ठेकेदाराचा नंबर दिला. सोबत सांगितलं, की त्याची जुनी घरं बघायला जाशील तेव्हा घरच्यांना विचारून बाथरूममध्ये एक बादली पाणी ओत आणि दोन मिनिटं उभा राहून बघ. मी तिन्ही घरांत छतं पाहत फिरलो, खाली पाहिलंच नाही.

ठेकेदाराला ७० हजार दिले. पडवीच्या छज्ज्याखाली केसासारखी एक भेग आहे, ती भरायला तो होळीनंतर येणार आहे. उरलेले दहा हजार तेव्हा.