गावच्या घरी वायफाय कॅमेरा लावला, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, या किमतीतले सगळे साधारण सारखेच आहेत. घरात लावायचा, मान गोल फिरवणारा कॅमेरा, अडीच हजाराच्या आसपास, मेमरी कार्ड वेगळं घ्यायचं.

देवरुखजवळच्या घरात आई आणि अण्णा दोघंच असतात, मी ठाण्याला, भाऊ टोरांटोला. मे महिन्यात अण्णा न्हाणीत घसरले आणि आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळलं, ते पण आईने नाही सांगितलं, शेजारच्या काकू बोलता बोलता बोलून गेल्या. "उगाच तुम्हाला टेन्शन कशाला" हे आईचं ठरलेलं उत्तर. त्याच रात्री भावाने तिकडून ऑर्डर टाकली.

आधी तांत्रिक सांगते. हा कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला जातो, आणि आमच्या राउटरवर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने चालू होते, त्यामुळे दीड तास नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग. ५ वालं बंद केलं तर दोन मिनिटांत जोडला. पिक्चर चांगलं आहे, रात्रीचंही. ६४ जीबीच्या कार्डात आमचं साधारण आठवड्याचं रेकॉर्डिंग बसतं, भरलं की जुनं पुसून त्यावरच नवं होतं, त्यामुळे ते क्लाउडचं महिन्याचं पॅकेज नाही घेतलं तरी चालतं, अ‍ॅप रोज मागे लागतं तो भाग वेगळा. पासवर्ड स्वतःचा ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतं ते) चालू करा. एप्रिल २०२५ पासून सरकारने सीसीटीव्हीला सिक्युरिटी टेस्टिंग सक्तीचं केलंय, तेव्हा जुना पडून असलेला माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

पावसात कोकणात लाईट जाणारच. आली की कॅमेरा आपोआप सुरू होतो, पण तोवर अ‍ॅपवर "डिव्हाइस ऑफलाइन" आणि इकडे माझ्या पोटात गोळा. राउटर आणि कॅमेरा दोन्ही चालतील असा छोटा यूपीएस सोबतच घ्या, आम्ही दोन महिने उशिरा घेतला. आणि ते अलर्ट! रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडला किडे येतात, किडे खायला पाल येते, आणि मला पहाटे अडीचला "व्यक्ती दिसली". सेन्सिटिव्हिटी कमी केली आणि समोरचं कोळ्याचं जाळं अण्णांनी झाडूने काढलं तेव्हा कुठे झोप लागली.

आता खरं सांगायचं ते. कॅमेरा माजघरात लावला होता, देवाच्या खोलीच्या दारावर, म्हणजे स्वयंपाकघरात जाता येता सगळे दिसतात. पहिला महिना मी ऑफिसातून दहा दहा वेळा उघडून बघायचे. अण्णांना तर इतका आवडला की सकाळी खाली उभे राहून मान वर करून रिपोर्ट द्यायचे, "बीपीची गोळी घेतली, साडेआठ वाजले", एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते, त्याच आवाजात. भावाकडे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात, तो तेव्हा आईचा चहा बघायचा. एकदा तिने गरम घावन ताटलीत घेऊन कॅमेऱ्यापुढे धरलं, हा बघ, जाळी बघ कशी पडलीय म्हणून. भाऊ म्हणाला मी फोन ठेवून बाहेर जाऊन बसलो.

पण गणपतीनंतर लक्षात आलं की आईचा रात्री साडेआठचा फोन दोन मिनिटांवर आलाय. आधी अर्धा तास चालायचा, कुणाची गाय व्यायली, कुणाच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलं, कोकमं किती निघाली, मी इकडे भाजी चिरत नुसतं हूं हूं करायचे आणि मनात म्हणायचे आता ठेव गं. आता विचारलं तर "काय सांगू, दिसतंय ना तुला सगळं." मला दिसत होतं काय, तर आई इकडून तिकडे गेली, आई तिकडून इकडे आली. गुडघा दुखतोय म्हणून ती भिंतीला हात लावत चालते ते मी दहा वेळा बघितलं असेल पण विचारायचं राहूनच गेलं, कारण बघितलं की आपलं काम झालं असं वाटतं. हा प्रॉब्लेम कुठल्याच रिव्ह्यूमध्ये कुणी लिहिला नव्हता म्हणून लिहितेय.

मग एक दिवस स्क्रीनवर नुसती लोकर. अण्णांची कानटोपी कॅमेऱ्याला घातलेली! मावशी आली होती आणि दोघींना निवांत बोलायचं होतं. मी फोन करून म्हटलं, आई टोपी काढ, काळजी वाटते. तर म्हणे, "तुझ्या सासूबाईंनी तुझ्या हॉलात असा लावला तर चालेल का गो?" मी गप्प. माझ्या घरात साधं वायफायचं पासवर्ड विचारलं तरी मला राग येतो, आणि इथे मी त्यांना न विचारता... म्हणजे विचारलं होतं, पण कॅमेरा लावून झाल्यावर.

दिवाळीत गेलो तेव्हा जागा बदलली. आता पडवीत आहे, खळं, पायऱ्या आणि न्हाणीकडे जायची वाट एवढंच दिसतं. दुपारी एक ते चार प्रायव्हसी मोड, शेड्युल लावलंय, लेन्स आपोआप आत फिरते. न्हाणीत लोखंडी बार आणि खरबरीत मॅट बसवली, खर्च कॅमेऱ्याहून कमी आला, ते आधी सुचायला हवं होतं खरं तर. फोन आता मीच करते, भाजी चिरून झाल्यावर. परवा २२ मिनिटं झाली, त्यातली १५ वांदरांनी पपई नेली त्यावर.

कॅमेऱ्याला पाचपैकी ४ स्टार, एक अ‍ॅपच्या जाहिरातींसाठी कापला. आमच्यासारखं घर असेल तर घ्या, पण आधी विचारून. कानटोपी मात्र आईने कॅमेऱ्याशेजारी खिळा ठोकून अडकवून ठेवलीय.