गोवा विधानसभेचे मतदान: केंद्रावरील सेवा आणि एका मताचे वजन

ही सेवा विनामूल्य आहे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते आणि दर पाच वर्षांनी, क्वचित त्याआधीही, उपलब्ध होते. तरीही तिच्याविषयी सर्वांत जास्त कानी येणारी तक्रार रांगेबद्दल किंवा उन्हाबद्दल नसते, ती असते, “माझ्या एकट्याच्या मताने काय होणार आहे?” या प्रश्नाची. म्हणून गोव्यातील विधानसभा मतदानाचे परीक्षण करताना मतदाराला केंद्रावर वागणूक कशी मिळते एवढेच पाहून भागत नाही. त्याने दिलेल्या मताला पुढे किती वजन येते, हेही पाहावे लागते.

केंद्रावरील कारभाराबद्दल माझे मत चांगले आहे. फोंडा तालुक्यातील आमचे केंद्र सरकारी प्राथमिक शाळेच्या एका वर्गात असते. पहिला अधिकारी यादीतील नाव मोठ्याने वाचतो, ते अशासाठी की मागे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ते ऐकू यावे आणि समोरची व्यक्ती तीच आहे की नाही याबद्दल शंका असल्यास दोन रुपये भरून आक्षेप घेता यावा. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला, नखावरून कातडीपर्यंत, शाईची रेघ ओढतात आणि नोंदवहीत सही घेऊन चिठ्ठी देतात. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळे करतो, त्यानंतरच पुठ्ठ्याच्या आडोशामागचे निळे बटण काम करते. बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅट या पडताळणी यंत्राच्या काचेमागे उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. राज्यातील सर्व मतदारसंघांत ही चिठ्ठी दाखवणारी पहिली विधानसभा निवडणूक २०१७ साली गोव्यातच झाली. एवढ्या भागाला पाचपैकी पाच गुण द्यायला मला अडचण वाटत नाही.

आता वजनाकडे वळू. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीत सांत आंद्रे मतदारसंघात रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे वीरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आले, तर फोंड्यात भाजपचे रवी नाईक यांनी मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, केतन भाटीकर यांना ७७ मतांनी हरवले. प्रियोळात फरक २१३ मतांचा होता, डिचोलीत ३१८ चा, आणि खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी तरले. हे आकडे नुसते ऐकून सोडून देण्यासारखे नाहीत. सांत आंद्रेत बोरकरांना मत देणाऱ्यांपैकी केवळ ३८ जणांनी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पसंती दिली असती तर बरोबरी झाली असती, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला चिठ्ठ्या टाकून आमदार ठरवावा लागला असता. फोंड्यात ३९ जणांचा कौल तसाच फिरला असता तर निकालच उलटला असता. अडतीस-एकोणचाळीस माणसे म्हणजे आमच्याकडे एका वाड्यावरची चार-पाच एकत्र कुटुंबे.

यावर चोख हिशेब मांडणारा वाचक म्हणेल की मी घरी राहिलो असतो तर फरक ७७ ऐवजी ७६ झाला असता, आमदार बदलला नसता. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. निकाल अक्षरशः एका मतावर ठरण्याचे प्रसंग दुर्मीळ आहेत. २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी येथे ए. आर. कृष्णमूर्ती आणि २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा येथे सी. पी. जोशी हे एका मताने हरल्याचे जाहीर झाले, आणि नाथद्वाराचे प्रकरण पुढे न्यायालयातही गेले. अशा दोन-चार दाखल्यांवर मतदानाची महती उभी करणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून तिकिटे विकण्यासारखे आहे. मला यापेक्षा मतदारसंघाच्या आकाराचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण एखादे मत निर्णायक ठरण्याची शक्यता मुख्यतः त्यावर आणि लढत किती अटीतटीची आहे यावर अवलंबून असते. २०२२ साली गोव्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार ४० मतदारसंघांत विभागलेले होते, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांहूनही कमी. महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ जागा आहेत. तेथे एका आमदारामागे तीन लाखांहून अधिक मतदार येतात. पेडण्यातल्या मतदाराचे मत, विधानसभेपुरते बोलायचे तर, खाडीपलीकडच्या सावंतवाडीतील त्याच्या मामेभावाच्या मताच्या दहापट वजनाचे आहे. हाच पेडणेकर लोकसभेसाठी मत देतो तेव्हा हे वजन साधारण विसाव्या हिश्शावर येते, कारण त्या वेळी सारे राज्य दोनच मतदारसंघांत वाटलेले असते. त्यात बहुरंगी लढतींची भर पडते: सांत आंद्रेचा विजयी उमेदवार पाच हजारांच्या थोड्या वर मतांवर आमदार झाला.

जिंकणे-हरणे एवढाच मताचा उपयोग असतो, असेही नाही. मतमोजणीनंतर केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध होतात आणि प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता ते घेऊन बसतो. कोणत्या केंद्रावर आपण मागे राहिलो, कोणत्या वाड्याने पाठ फिरवली, हे त्याला दुसऱ्याच दिवशी ठाऊक असते, आणि रस्त्याच्या डांबरीकरणापासून नळजोडणीपर्यंतच्या शब्दांना त्यानंतर कमी-अधिक जोर येतो. काही शेकडा मतांच्या केंद्रावर एकेक मत डोळ्यांत भरते. ही सोय आहे आणि जाचही. केंद्र जितके लहान, तितका “यांनी आम्हाला दिले नाही” हा तर्क सोपा होतो. अनेक यंत्रांतील मते एकत्र करून मोजण्याचे साधन वापरावे, अशी शिफारस निवडणूक आयोगाने २००८ सालीच केली होती, पण ती अमलात आलेली नाही. या कारणासाठी मी अर्धा गुण कमी करतो.

मोठ्या फरकाच्या मतदानात एकट्याचे मत वाया जाते का, याचे उत्तर गोव्याने फार पूर्वी दिलेले आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोन पानांना, म्हणजे संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याला, १,७२,१९१ मते मिळाली आणि फुलाला, म्हणजे महाराष्ट्रातील विलीनीकरणाला, १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. फुलावर शिक्का मारलेली मराठी घरे गोव्यात पुष्कळ आहेत, आणि आपले मत फुकट गेले असे म्हणणारा त्या पिढीतील एकही माणूस मला भेटलेला नाही. वाद मात्र अजून रंगतो.

खरी उणीव मत दिल्यानंतरची आहे. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली होती. निवडून आलेल्या ११ जणांपैकी ८ जण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले. जुलै २०१९ मध्ये १५ पैकी १० गेले होते. पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र गेल्यास पक्षांतरबंदीच्या तरतुदीतून वाट निघते, आणि लहान विधानसभेत दोन तृतीयांश म्हणजे एका मिनीबसमध्ये मावतील इतकी माणसे. ज्या लहान आकारामुळे माझ्या मताला वजन येते, त्याच आकारामुळे ते दुसऱ्याच्या पारड्यात टाकणेही सोपे होते. येथे दीड गुण गेला आणि तो कमी गेला असे मला वाटते.

सेवा सर्वांना सारखी मिळते असेही नाही. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते, ही उत्तम सोय आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयाला मात्र टपाली मताची मुभा नाही, आणि पुण्या-मुंबईत खासगी नोकरी करणाऱ्यालाही मूळ गावी नाव ठेवायचे असेल तर त्या दिवशी प्रत्यक्ष यावेच लागते. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीची तरतूद कायद्यात आहे, पण रेल्वेतल्या रात्रीची सुट्टी कोणी देत नाही.

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण यादीत नाव नसेल तर ते ओळखपत्र केंद्रावर उपयोगी पडत नाही. नवीन नावासाठी सहा क्रमांकाचा आणि पत्ता बदलण्यासाठी आठ क्रमांकाचा अर्ज वर्षभर घेतला जातो, पण उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची मुदत टळल्यावर त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. तेव्हा नाव तपासण्याचे काम निवडणूक जाहीर होण्याआधीच्या एखाद्या मोकळ्या रविवारी उरकावे.