मॅन्ली फेरी, सिडनी: मुलाबाळांसकट करायलाच हवी

सिडनीच्या सर्क्युलर की धक्क्याहून मॅन्लीला जाणारी मोठी फेरीबोट म्हणजे आमच्या घरचा ठरलेला रविवार. साधारण ३० मिनिटांचा प्रवास. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, शिवाय शनिवार-रविवारी ओपल कार्डाची (सिडनीतल्या बस-ट्रेन-बोटीचं कार्ड) दिवसभराची भाडेमर्यादा कमी असते, म्हणून सगळ्यांनी जाणं परवडतं. जाताना उजवीकडे बसा, ऑपेरा हाऊस जवळून दिसतं. बंदराच्या तोंडाशी नॉर्थ हेड-साउथ हेड या दोन भूशिरांच्या मधे खुला समुद्र लागला की बोट चांगलीच डोलते. धाकटी माझा हात घट्ट धरते. सासूबाई मात्र मांडव्याच्या लाँचमध्ये मुरलेल्या, त्या नेमक्या तिथेच डबा उघडून सगळ्यांना थालीपीठ वाटतात. मला हा प्रवास मॅन्लीच्या किनाऱ्याहूनही आवडतो. जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, बाहेरच्या बाकांवर वारा फार झोंबतो, मुलांच्या कानटोप्या न्याच.