एक्झिनॉस २४०० सोबत अकरा महिने: गॅलेक्सी एस२४चा अनुभव

सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ हा फोन मी नोव्हेंबर २०२४ मध्ये ठाण्यात घेतला आणि तेव्हापासून तो रोज माझ्या हातात आहे. अगदी तोच फोन, त्याच रंगाचा आणि तेवढ्याच स्टोरेजचा, माझ्या ताईकडेही आहे. तिने तो न्यू जर्सीत असताना घेतला होता. २०२५च्या फेब्रुवारीत ती कायमची परतली आणि ऐरोलीला राहायला आली. दोन्ही फोनची कव्हर काढून ते टेबलावर ठेवले, तर कोणता कोणाचा हे ओळखायची खूण एकच उरते. ताईच्या फोनच्या कडेवर गोळीच्या आकाराचा एक लांबट तुकडा बसवलेला दिसतो. अमेरिकेत मिलिमीटर लहरींवर चालणाऱ्या ५जीसाठी तो अँटेना दिलेला असतो. खरा फरक मात्र आत आहे. माझ्या फोनमध्ये सॅमसंगची स्वतःची एक्झिनॉस २४०० ही चिप आहे, तर तिच्या फोनमध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. एकाच नावाचे दोन फोन एकाच घरात शेजारी ठेवून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी खरेदीविषयी. नौपाड्यातील ज्या दुकानातून मी फोन घेतला, तिथे डेमो फोनशेजारी एक छापील कार्ड ठेवलेले होते आणि त्यावर प्रोसेसरपुढे ‘ऑक्टा-कोर’ एवढेच लिहिले होते. ऑक्टा-कोर म्हणजे आठ कोर, अर्थात चिपमधील काम वाटून घेणारे आठ भाग. एक्झिनॉस २४०० मध्ये दहा कोर आहेत: एक मोठा कॉर्टेक्स-एक्स४, पाच मध्यम कॉर्टेक्स-ए७२० आणि चार लहान कॉर्टेक्स-ए५२०. आठ कोर स्नॅपड्रॅगनमध्ये आहेत. म्हणजे त्या कार्डावर अमेरिका, कॅनडा आणि चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनची माहिती होती आणि काचेमागे भारतात विकला जाणारा फोन होता. मी हे विक्रेत्याला विचारले, तेव्हा तो अगदी विश्वासाने म्हणाला, ‘‘सर, मॉडेल एकच आहे, सगळीकडे सारखंच येतं.’’ त्याने मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही, त्यालाच ते ठाऊक नव्हते. पण सत्तर-ऐंशी हजारांच्या घरातली वस्तू विकणाऱ्या दुकानाने निदान समोरच्या कार्डावर खरे लिहायला हवे, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. मला फरक आधीपासून माहीत होता आणि मी तो समजून-उमजूनच फोन घेतला. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांना मात्र तो माहीत नव्हता.

ज्यांना आपल्या फोनमध्ये काय आहे ते पाहायचे असेल, त्यांनी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून मॉडेल क्रमांक पाहावा. माझ्या फोनचा क्रमांक ‘एसएम-एस९२१’ या अक्षरांनंतर ‘बी’ने संपतो, ताईच्या फोनचा ‘यू’ने. सीपीयू-झेडसारखे एखादे मोफत ॲप घेतले तर चिपचे नावही कळते आणि कोर मोजूनही पाहता येतात.

सॅमसंगचा हा दुहेरी कारभार आजचा नाही. अमेरिकेत व्हेरायझन आणि स्प्रिंट, तर चीनमध्ये चायना टेलिकॉम यांची जाळी बरीच वर्षे सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्रावर चालत होती. त्या तंत्रात क्वालकॉमचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यामुळे त्या बाजारांसाठी क्वालकॉमची चिप आणि बाकीच्या बऱ्याच जगासाठी एक्झिनॉस, अशी विभागणी सोयीची होती. व्हेरायझनने आपले सीडीएमए जाळे २०२२च्या अखेरीस बंद केले, म्हणजे ते जुने तांत्रिक कारण आता उरलेले नाही. विभागणी तरी एस२४मध्ये दिसते, कारण स्वतःची चिप वापरल्याने बाहेर द्यावा लागणारा पैसा वाचतो आणि स्वतःच्या कारखान्यालाही काम मिळते. व्यवसाय म्हणून हे मला पूर्णपणे समजते. ग्राहकाला ते स्पष्ट सांगितले जावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

भारतीय ग्राहकांच्या मनात एक्झिनॉसविषयी जी अढी आहे ती मुख्यतः २०२०ची. त्या वर्षी गॅलेक्सी एस२० मालिका भारतात आणि युरोपात एक्झिनॉस ९९० घेऊन आली, आणि खुद्द कोरियात मात्र स्नॅपड्रॅगन ८६५ दिली गेली. एक्झिनॉस ९९० मध्ये सॅमसंगने स्वतः रचलेले मोठे कोर होते, आणि ते रचणारा अमेरिकेतील ऑस्टिनचा विभाग त्याआधीच बंद करण्याचा निर्णय झाला होता. दोन चिपांमधील अंतर त्या वर्षी इतके उघड होते की जगभरच्या वापरकर्त्यांनी एक्झिनॉस नको म्हणून ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली. ती नाराजी रास्त होती. पण त्याच न्यायाने २०१५ हे वर्षही आठवायला हवे. तेव्हा स्नॅपड्रॅगन ८१० तापते म्हणून बदनाम झाली होती आणि गॅलेक्सी एस६ जगभर, अमेरिकेतसुद्धा, एक्झिनॉस ७४२० वरच विकला गेला. त्या वर्षीची ती सर्वोत्तम चिपांपैकी एक होती. २०२२ साली उलटे घडले. गॅलेक्सी एस२२ भारतात स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सह आला आणि अनेकांनी आनंद मानला. परंतु ती चिपसुद्धा सॅमसंगच्याच ४ नॅनोमीटर कारखान्यात तयार झालेली होती आणि तापण्याबाबत तिचीही फारशी कीर्ती नव्हती. म्हणून चिपवर कोणाचे नाव आहे याइतकेच ती कोणत्या कारखान्यातून निघाली हेही पाहावे, असे मी सांगतो. आमच्या दोन फोनमध्ये हाच फरक आहे. ताईची चिप तैवानच्या टीएसएमसीकडे बनलेली आहे, माझी सॅमसंगकडे. माझ्या चिपचे पॅकेजिंगही, म्हणजे चिपभोवतीचे आवरण, बदललेले आहे: उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून सॅमसंगने फोनच्या चिपसाठी ‘फॅन-आउट’ पद्धत आणली आणि एक्झिनॉस २४०० मध्ये ती वापरली.

आता प्रत्यक्ष वापर. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो आणि कामासाठी ऐरोलीला जातो. माझा दिवस म्हणजे सकाळी रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी, दिवसभर मेल, कॉल आणि कागदपत्रांचे फोटो, आणि परतताना तास-दीड तास व्हिडिओ किंवा वाचन. या कामात अकरा महिन्यांत चिपमुळे माझे काहीही अडलेले नाही. ॲप उघडणे, एकातून दुसऱ्यात जाणे, यूपीआयचा कोड स्कॅन करणे, कॅमेरा झटकन सुरू होणे, या कशातही दोन फोन शेजारी धरून मला फरक दाखवता आलेला नाही. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर संध्याकाळच्या गर्दीत नेटवर्क सगळ्यांचेच मंदावते. ताई सोबत असली की तिचेही मंदावते. दिघा गाव मागे पडले की दोन्ही फोनवर ते जवळपास एकाच वेळी सावरते.

खरी कसोटी मे महिन्यात लागली. आम्ही सगळे दुपारी गाडीने गायमुख घाटाकडे निघालो होतो, पुढे वाहने खोळंबलेली होती आणि माझा फोन काचेला लावलेल्या होल्डरमध्ये, थेट उन्हात, चार्जिंग आणि नकाशा दोन्ही सुरू ठेवून बसलेला होता. वीस-पंचवीस मिनिटांनी स्क्रीनचा उजेड आपोआप कमी झाला. मला कुतूहल वाटले म्हणून त्याच जागी, त्याच चार्जरवर ताईचा फोन लावला. तोही जवळपास तेवढ्याच वेळाने मंद झाला. अशा उन्हात चिप कोणतीही असली तरी फोन स्वतःला सांभाळून घेतो, हे त्या दिवशी समोर दिसले. नंतर मी होल्डर काचेवरून काढून एसीच्या झडपेवर लावला आणि उरलेल्या उन्हाळ्यात तो प्रश्न आला नाही.

फरक दिसतो तो दीर्घकाळ पडणाऱ्या ताणाखाली. माझा भाचा दोन्ही फोनवर भारी ग्राफिक्सचे खेळ खेळतो आणि या बाबतीत मी माझ्या डोळ्यांपेक्षा त्याच्या बोटांवर अधिक विश्वास ठेवतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याला दोन्ही सारखे वाटतात. त्यापुढे आईचा, म्हणजे ताईचा, फोन जास्त वेळ एकसारखा चालतो, असे तो सांगतो, आणि पाठीला बोट लावले तर तो किंचित कमी गरम लागतो हे मलाही जाणवले. एक्झिनॉसमधील एक्सक्लिप्स ९४० हा ग्राफिक्सचा भाग एएमडीच्या आरडीएनए ३ रचनेवर आधारलेला आहे आणि तो मुळीच दुबळा नाही. पण जुन्या कन्सोलचे खेळ चालवणारी इम्युलेटर ॲप बनवणारे बहुतेक लोक आपली मेहनत स्नॅपड्रॅगनच्या अड्रेनो या ग्राफिक्सच्या भागावर घेतात, त्यामुळे तिथे त्या फोनची बाजू निश्चितच वरचढ आहे. ज्याचा मुख्य छंदच हा आहे, त्याने चिप पाहूनच फोन घ्यावा.

बॅटरीविषयी मी जपून लिहितो. दोघांचीही बॅटरी ४,००० एमएएचची. संध्याकाळी ताईच्या फोनमध्ये बहुधा माझ्यापेक्षा थोडी जास्त शिल्लक असते. पण माझ्या फोनमध्ये दोन सिम चालू असतात, तिच्यात एकच. मी दिवसातले दोन-अडीच तास रेल्वे आणि रस्त्यावर असतो, ती बराच वेळ घरच्या वायफायवर. गणपतीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली होती. तेव्हा आम्ही दोन्ही फोनमध्ये एकेकच सिम ठेवले, उजेड सारखा केला आणि एकाच वायफायवर दिवसभर शक्य तितके सारखे काम केले. रात्री आरतीनंतर पाहिले, तर अंतर दोन-तीन टक्क्यांचे होते. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये, तरी चिपमुळे पडणारा फरक आमच्या वापरात तरी याहून मोठा नसावा, असे मला वाटते.

ताईचा फोन सरस म्हणून परदेशातून मागवावा काय, असे दोन-तीन सहकाऱ्यांनी मला विचारले. माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. अमेरिकेतल्या फोनमध्ये प्रत्यक्ष सिमची जागा एकच असते आणि दुसरा क्रमांक ई-सिमवर घ्यावा लागतो. वॉरंटी तिकडची ती तिकडेच राहते. तिचा जो लांबट अँटेना आहे, त्याचा इथल्या रोजच्या ५जीला उपयोग नाही. एवढ्या सोयी सोडून खेळातली काही मिनिटे मिळवणे मला पटत नाही.

त्यापेक्षा थोडे थांबणे भारतात अधिक फलदायी ठरते. गॅलेक्सी एस२० एफई (‘फॅन एडिशन’, म्हणजे मुख्य फोनची स्वस्त आवृत्ती) २०२० साली इथे एक्झिनॉसवर आला आणि २०२१ मध्ये त्याचीच ५जी आवृत्ती स्नॅपड्रॅगनवर आली. एस२१ एफई २०२२ मध्ये एक्झिनॉसवर आला आणि २०२३ मध्ये पुन्हा स्नॅपड्रॅगनवर. २०२५च्या सणासुदीच्या ऑनलाइन सेलमध्ये एस२४चेही तेच झाले: भारतातच, स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ घालून, आणि मी मोजले त्यापेक्षा पुष्कळ कमी किमतीला. आज घेणाऱ्याने तीच आवृत्ती घ्यावी, यात मला शंका नाही. या फोनला सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या मिळणार आहेत. इतका काळ फोन टिकवायचा असेल तर कमी तापणारी चिप हाताशी असणे चांगलेच. माझा फोन मी मात्र बदलणार नाही. त्याने मला बदलण्याचे एकही कारण दिलेले नाही.

गेल्या आठवड्यात चार्जरची केबल घ्यायला मी पुन्हा नौपाड्याच्या त्याच दुकानात गेलो होतो. एस२४ अजून काचेमागे होता आणि कार्डही तेच होते. मी परवानगी घेऊन डेमो फोनचा मॉडेल क्रमांक उघडला, मग ॲपमध्ये कोर मोजून दाखवले: दहा. या वेळी समोर वेगळा मुलगा होता. त्याने कार्ड फिरवून पाहिले, पेन काढले, ‘ऑक्टा’वर रेघ मारली आणि वर ‘एक्झिनॉस २४००, १० कोर’ असे लिहून कार्ड परत जागेवर ठेवले.