लेबलावरचा क्रमांक मीच पाठवला होता

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या जुन्या ऑडी टीटीसाठी चार लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा) ३८,५०० रुपयांना विकत घेतल्या. त्या चारही स्प्रिंगा भंगारातल्या गाडीच्या होत्या, ग्राइंडरने कापून वरून काळ्या रंगवलेल्या होत्या, हे मला तीन आठवड्यांनी कळले. मी स्वतः यंत्र अभियंता आहे आणि चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचेच काम करतो, त्यामुळे ही हकिगत लिहिताना संकोच वाटतो. मात्र मी निष्काळजीपणाने फसलो नाही. चौकशी भरपूर केली आणि त्या चौकशीचाच विक्रेत्याने वापर केला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडी दुसऱ्या पिढीची, २.० टीएफएसआय क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांवर चालणारी. मूळ स्प्रिंगांवर तिच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये सहज चार बोटे जात, आणि एवढ्या देखण्या गाडीला ते शोभत नाही असे मला घेतल्या दिवसापासून वाटत होते. किती खाली बसवायची, यावर मी दोन महिने घालवले. स्प्रिंग आखूड झाली की शॉकॲब्सॉर्बरचा दांडा मुळातच आत सरकलेला राहतो आणि खड्ड्यात दबायला उरलेली जागा तेवढीच कमी होते. फार खाली गेलात, तर गाडी स्प्रिंगवर नव्हे, बंपस्टॉपच्या रबरावर चालते, आणि मग महाग शॉकॲब्सॉर्बरही वर्षभरात गळू लागतात. त्यातून आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. आमच्या सोसायटीच्या दारातला मात्र एका रात्रीत उगवलेल्या वारुळासारखा आहे. हे सगळे धरून गाडी ३० मिलिमीटर खाली बसवायची असे मी ठरवले आणि जर्मनीतील एका नामांकित कंपनीचा संच निवडला. क्वाट्रोची मागची बाजू पुढच्या चाकांवर चालणाऱ्या टीटीपेक्षा जड असते, मॅग्नेटिक राइडच्या (ताठपणा विजेने बदलणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरच्या) गाडीचा संच आणखी वेगळा असतो, त्यामुळे पार्ट नंबर अचूक असणे फार महत्त्वाचे होते.

विक्रेता गाडीशौकिनांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमधून मिळाला. तो मुंबईहून बोलत असल्याचे सांगे. त्याने स्वस्ताईचे आमिष दाखवले नाही. परदेशातून मागवून, आयात शुल्क भरून जी किंमत पडली असती, तिच्यापेक्षा जेमतेम दोन हजारांनी त्याचा दर कमी होता. त्याने प्रश्नही जाणकाराचे विचारले, गाडी क्वाट्रो आहे का, मॅग्नेटिक राइड आहे का, बंपस्टॉप कापणार आहात का. मी मुद्दाम ४५ मिलिमीटरच्या संचाची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, “पंचेचाळीस नका घेऊ साहेब, पुण्याच्या रस्त्यांवर रोज आठवण काढाल माझी.” ज्या माणसाने आपल्याला जादा माल विकायचे नाकारले, त्याच्यावर विश्वास बसतोच. त्यानंतर त्याने अगदी साधेपणाने सांगितले, “तुम्हाला कोणता पार्ट नंबर हवा तो तुम्हीच टाईप करून पाठवा, म्हणजे गोदामात घोळ नको.” मी नंबर पाठवला आणि त्याच संध्याकाळी पैसेही पाठवले. पैसे फर्मच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर जात आहेत, हे मला यूपीआयच्या पडद्यावर दिसले होते. “चालू खात्याचा क्यूआर बंद आहे” हे त्याचे उत्तर मी मान्य केले.

आठवड्याने खोके आले. खोके नवे, लेबल नवे, आणि लेबलावरचा क्रमांक मी फोनमधल्या माझ्याच मेसेजशी एकेक आकडा लावून पाहिला. जुळला. टेबलाच्या खणात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचे साधन, होता, तो मी काढला नाही. आमच्या मिस्त्रींनी मात्र स्प्रिंग हातात घेऊन नाकाला लावली आणि म्हणाले, “साहेब, रंगाचा वास येतोय हो अजून.” नवीन माल आहे, वास येणारच, असे मी त्यांना ऐकवले. चांगल्या स्प्रिंगवर भट्टीत भाजलेला पावडर कोटिंगचा थर असतो आणि त्याला ओल्या रंगाचा वास येत नाही, हे मी नोकरीत रोज पाहतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

गाडी दिसायला सुरेख खाली बसली. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा ९ मिलिमीटर खाली होती, ती स्प्रिंगा हळूहळू सारख्या बसतील असे मी मानले. दुसऱ्या आठवड्यापासून गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टण्ण’ असा आवाज येऊ लागला आणि तिसऱ्या रविवारी ताम्हिणीहून परतताना स्टीअरिंग डावीकडे वळवले की काहीतरी घासल्यासारखे जाणवू लागले. मिस्त्रींनी चाक काढले, तेव्हा स्प्रिंगचे खालचे टोक आपल्या बैठकीतून सरकून बाहेर आलेले होते आणि टायरच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीची चीर पाडून बसले होते. घाटात टायर फुटला असता, तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

स्प्रिंग बाहेर काढल्यावर मिस्त्रींनी पॉलिश पेपरने टोकाजवळचा रंग घासला. काळ्याखाली जुना करडा थर होता आणि त्याच्याखाली एक पिवळा व दोन हिरवे ठिपके दिसले. कारखान्यात स्प्रिंगांची जोडी लावण्यासाठी असे रंगीत ठिपके देतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगांवर ते असण्याचे कारण नाही. टोकावर ग्राइंडरचे ओरखडे होते आणि तापवल्याचा निळसर डागही होता. या टीटीचा सांगाडा आपल्याकडच्या जुन्या फोक्सवॅगन जेट्टा आणि स्कोडा लॉराच्याच कुळातला आहे. मिस्त्रींच्या कोपऱ्यात लॉराची एक तुटकी स्प्रिंग पडली होती, ती शेजारी ठेवल्यावर तारेची जाडी आणि वेटोळ्याचा व्यास हुबेहूब जुळला.

कापलेली स्प्रिंग का चालत नाही, हे थोडक्यात सांगतो, कारण “कापली तरी स्प्रिंगच आहे ना” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सहा कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते, पण चाक हवेत लोंबले की बैठकीपर्यंत पोहोचण्याइतकी लांब ती उरत नाही. ती आत सैल फिरते, आणि तो टण्ण आवाज तिथून येतो. तापवलेल्या जागी पोलादाचे पाणी उतरते आणि तडा तिथूनच जातो. तारेची जाडीही नुसत्या नजरेने कळत नाही: ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे १२ मिलिमीटरऐवजी ११.५ मिलिमीटरची तार आली, तरी स्प्रिंग १६ टक्के नरम पडते. म्हणून व्हर्निअर लावायचा तो फिटिंगच्या आधी, आणि लेबलाला नव्हे, तारेला.

मी लेबलाचे आणि स्प्रिंगांचे फोटो त्या जर्मन कंपनीला ई-मेलने पाठवले. उत्तर दोन दिवसांत आले: या क्रमांकाचा कोणताही संच आम्ही बनवत नाही. मग मी माझाच मेसेज कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून पाहिला. टाईप करताना मी शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. माझी चूक लेबलावर जशीच्या तशी छापून आली होती. त्याऐवजी मी “तुमच्या खोक्यावरचा नंबर कळवा” एवढेच म्हणालो असतो, तर व्यवहार तिथेच संपला असता.

विक्रेत्याला फोन केला. आधी त्याने फिटिंगला दोष दिला. मी तक्रार करीन म्हटल्यावर त्याचा आवाज अगदी मऊ झाला: “करा ना साहेब, पण आरटीओ आधी तुमचीच गाडी बघेल.” या वाक्याने मी आठ दिवस गप्प बसलो, हे कबूल करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर बंधने घालते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, हे मलाही ठाऊक होते. अखेर एका वकील मित्राने सुनावले, की तुझ्या गाडीचा प्रश्न वेगळा आणि त्याने खोटा माल विकला तो वेगळा. पहिल्याच्या भीतीने दुसरा माफ होत नाही.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही मी तेव्हाच पहिल्यांदा नीट वाचला. पत्ता मुंबईचा होता आणि क्रमांकाची सुरुवात ०७ ने होती. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. सरकारी पोर्टलवर शोधल्यावर ती नोंदणी एका कापड व्यापाऱ्याची आणि रद्द झालेली निघाली. पैसे देण्यापूर्वी हे पाहायला दोन मिनिटेही लागली नसती. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर महिना उलटला होता आणि खात्यात काही उरले नव्हते. असा फोन पहिल्या काही तासांत गेला तरच रक्कम गोठवता येण्याची आशा असते. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, मात्र नोटीस पाठवायला खरा पत्ता लागतो, आणि तोच सापडत नाही.

मूळ स्प्रिंगा मिस्त्रींनी जपून ठेवल्या होत्या, त्या परत बसवल्या. गेल्या आठवड्यात एका मित्राने दुसऱ्या ग्रुपमधली जाहिरात मला पाठवली. नाव नवे, फोन नवा, माल या वेळी वेगळ्याच गाडीचा. फोटोतले खोके मोठे करून पाहिले, तर लेबलावर माझाच क्रमांक होता, शेवटचे दोन आकडे उलटे.