स्पेसबार सोडला, त्याला आठ महिने झाले

प्रबंध टाइप करून देण्याचं काम मी नारायण पेठेत घरूनच करते. १४ वर्षं झाली. मराठी टायपिंगची परीक्षा पास, पुढे एमएस-सीआयटीही केली, हात झरझर चालतो. पण शीर्षक मध्यभागी आणायचं तर स्पेसबार, पान संपवायचं तर एंटर, एंटर, एंटर. अनुक्रमणिका म्हणजे हाताने मारलेल्या टिंबांची रांग. कोर्सला दुसरी पद्धत शिकवली होती, माझंच लक्ष नव्हतं.

गेल्या वर्षी २४० पानांच्या एका प्रबंधात मार्गदर्शकांनी दीडचं लाइन स्पेसिंग दोन करायला सांगितलं. झालं! सगळी पानं सरकली. तक्ता एकीकडे, त्याचं नाव दुसरीकडे, मधेच अर्धी पानं कोरी. पहाटे तीनला अनुक्रमणिकेतले आकडे पुन्हा घालताना ठरवलं की आता शिकायचंच.

वर्डसारखंच असलेलं लिबरऑफिस रायटर घेतलं, कारण फुकट आहे. मेनू मराठीतही मिळतो, पण मला इंग्रजीच बरा वाटला. शिकवणारे सगळे व्हिडिओ त्याच नावांनी बोलतात. पहिला महिना नुसता चिडचिडीत गेला. F11 दाबलं की बाजूला स्टाइलची यादी उघडते. प्रकरणाच्या नावावर कंट्रोल-१, उपशीर्षकाला कंट्रोल-२, साध्या मजकुराला कंट्रोल-०. ठळक करायचं नाही, आकार वाढवायचा नाही, फक्त सांगायचं की हे शीर्षक आहे. ते कसं दिसावं हे स्टाइलमध्ये एकदाच ठरवायचं. सवयीने बोट ‘बी’कडे जायचंच.

आणि इथे मराठीवाल्यांसाठी खड्डा आहे. मी स्टाइलमध्ये फॉन्ट १२चा १४ केला, ओके केलं, मराठी ढिम्म हललं नाही. संदर्भसूचीतली इंग्रजी नावं मात्र टरारून मोठी झाली. दोन दिवस मला वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलंय. खरी गोष्ट अशी, की तिथे वेस्टर्न (इंग्रजीसारख्या लिप्या) आणि सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, जोडाक्षरं-मात्रांच्या लिप्या) असे दोन वेगळे कप्पे असतात आणि देवनागरी दुसऱ्यात मोडते. फॉन्ट, आकार, बोल्ड, सगळं तिथे वेगळं भरावं लागतं. वर्डमध्येही फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा भाग आहेच. मी आता मजकुराला टिरो देवनागरी मराठी लावते. हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळा काढलाय, त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात.

पानांच्या आकड्यांनी सगळ्यात जास्त छळलं. प्रस्तावना, ऋणनिर्देशाला रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून १. रायटरमध्ये त्यासाठी मॅन्युअल ब्रेक घालून तिथेच नवी पेज स्टाइल निवडायची आणि आकडा १ द्यायचा. (वर्डमध्ये सेक्शन ब्रेक घालून फूटरचं ‘लिंक टू प्रीव्हियस’ काढायचं.) जमलं म्हणून खुशीत प्रिंट काढली, तर बाइंडिंगवाला म्हणाला, “ताई, हे मधलं पान कोरंच ठेवायचंय का?” स्क्रीनवर तसलं पान नव्हतंच. रायटर विषम आकड्याचं पान उजवीकडेच ठेवतो. माझं शेवटचं रोमन पान नववं होतं, लगेच पुढे १, दोन्ही विषम, म्हणून त्याने मधे आपणहून एक कोरं घातलं. प्रिंटच्या पर्यायांत त्याची एक खूण असते, ती काढली.

अनुक्रमणिका आता राइट क्लिक, अपडेट, संपलं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी लेकीला हाक मारून दाखवलं. तिने मान हलवली आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

तक्रारी आहेतच. मार्गदर्शक वर्ड वापरतात, फाइल तिकडे जाऊन परत आली की आडव्या पानावरचे तक्ते आणि पेज स्टाइल हमखास विस्कटलेल्या असतात. म्हणून छपाईला फक्त पीडीएफ देते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढला तरी जोडाक्षरं डोळ्यांनीच तपासावी लागतात, त्याला स्टाइलचा काही उपाय नाही.

परवा एक विद्यार्थिनी १८० पानांची तयार फाइल घेऊन आली, म्हणाली, “फक्त अनुक्रमणिका लावून द्या.” मी कंट्रोल-F10 दाबलं. स्पेसचे ठिपके आणि एंटरची उलट्या ‘पी’सारखी चिन्हं यांनी पडदा भरून गेला, अगदी माझ्याच जुन्या फाइलींसारखा. फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनवर खूण करून शोधायच्या घरात ^$ (म्हणजे ‘रिकामी ओळ’) टाकलं, खालचं घर रिकामं ठेवलं, की मोकळे एंटर एका झटक्यात उडतात. स्पेस मात्र बघत बघत काढाव्या लागतात. तिला सांगितलं, अनुक्रमणिकेचे पैसे नाहीत, साफसफाईचे आहेत.